स्टारक्राफ्टनं तोंड पोळलेल्यांसाठी: पहिला आरटीएस कुठला घ्यावा

प्रश्न विट्याच्या एका पोराचा आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत रूम करून राहतो, आत्तापर्यंत शूटिंगचे गेम आणि मोबाइलवर क्लॅश ऑफ क्लॅन्स एवढंच खेळलाय. मित्राच्या नादानं स्टारक्राफ्ट टू टाकला, थेट ऑनलाइन मॅच लावली, चार-पाच मिनिटांत समोरच्यानं किड्यांची झुंड पाठवून बेस साफ केला, असं दोनतीनदा झाल्यावर गेम काढून टाकला. आता विचारतोय की हा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी (आरटीएस) प्रकार, म्हणजे पाळीची वाट न बघता एकाच वेळी बेस बांधायचा आणि फौज लढवायची, मला जमण्यासारखा आहे का, असला तर सुरुवात कुठल्या गेमनं करू, लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम आहे, पैसे फार घालायचे नाहीत आणि मोबाइलवर काय असेल तर ते पण सांगा.

जमण्यासारखा आहे रे. घाईत असशील तर एवढंच वाच: एज ऑफ एम्पायर्स टू, डेफिनिटिव्ह एडिशन, सेलमध्ये घे, आणि सुरुवातीला मल्टिप्लेअरच्या, म्हणजे दुसऱ्या माणसांशी खेळायच्या, बटणाकडं फिरकू पण नको. वेळ असेल तर पुढं वाच, कारण तुझा स्वभाव काय आहे त्यावरनं उत्तर थोडं बदलतं.

मी सांगलीत विश्रामबागला सायबर कॅफे चालवायचो, लॅनवर एज ऑफ एम्पायर्स, जनरल्स, वॉरक्राफ्ट थ्री आणि अर्थातच काउंटर स्ट्राइक असायचं. वालचंद कॉलेजची पोरं लेक्चर बुडवून यायची, लोडशेडिंगच्या दिवसात मॅच ऐन रंगात आली की लाईट जायची आणि यूपीएसच्या दहा मिनिटांत कोण कुणाला संपवतो ह्याची वेगळीच स्पर्धा लागायची. कॅफे बंद झाला, आता कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, पण नवीन माणसाला हे गेम शिकवायचं वेड काय गेलेलं नाही, अजून रविवारी दोनचार जण येऊन बसतात. सांगायचा मुद्दा असा की नवशिक्यांना हरताना मी भरपूर बघितलंय, आणि कोण टिकतं, कोण सोडून जातं हे त्यावरनंच कळत गेलं.

लोकांना वाटतं सोपा गेम म्हणजे ज्यात बटणं कमी, युनिट (शिपाई, गाड्या वगैरे) कमी, सगळं कार्टूनसारखं. तसं काय नसतं. माझ्या मते नवशिक्यासाठी चांगला गेम एकच, ज्यात हरल्यावर आपण का हरलो ते आपलं आपल्याला कळतं. कळलं की माणूस पुढच्या मॅचला तेवढी एक गोष्ट सुधारतो आणि मग त्याला चटक लागते. नाही कळलं तर "समोरचा हॅकर असेल" नाहीतर "आपल्याला डोकंच नाही" ह्या दोनपैकी एक निष्कर्ष काढतो आणि गेम काढून टाकतो, म्हणजे तू केलंस तेच.

तुझं स्टारक्राफ्टमध्ये काय झालं ते बघ. गेम वाईट आहे म्हणून नाही, उलट ह्या प्रकारातला तो सगळ्यात घोटून घोटून बनवलेला गेम असेल. पण त्याचा वेग असा आहे की निकाल लागतो तो क्षणच नवीन माणसाला दिसत नाही. तू बेसमध्ये सप्लाय डेपो (फौजेची जागा वाढवणारी इमारत) कुठं लावू हे बघत असतोस, तेवढ्यात तिकडं बेनलिंग नावाचे फुटणारे किडे येऊन तुझ्या मरीनच्या, म्हणजे साध्या शिपायांच्या, घोळक्यात फुटतात आणि दोन सेकंदांत फौज नाही. तू स्क्रीन तिकडं नेईपर्यंत फक्त हिरवा चिखल दिसतो. बरं झर्गवाल्यानं, म्हणजे किड्यांच्या बाजूनं खेळणाऱ्यानं, लवकर हल्ला केला म्हणजे त्यानं स्वतःचे कामगार कमी काढले, तो हल्ला परतवला असतास तर तोच मागं पडला असता, पण हे तुला कोण सांगणार? जे टॉपचे खेळाडू आहेत ते मिनिटाला तीनशेच्या वर क्लिक मारतात, तेवढं तुला लागत नाही, पण गेमची रचना त्या बोटांचा विचार करून केलीय हे नक्की.

आता एज टू मधली पहिली दहा मिनिटं बघ. तुझ्याकडं एक टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), तीन गावकरी, एक टेहळणीचा घोडेस्वार स्काउट, आणि २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. एक गावकरी काढायला ५० अन्न आणि गेमच्या घड्याळात २५ सेकंद लागतात. म्हणजे अन्न आहे चार गावकऱ्यांपुरतं, पण टाउन सेंटर जागा देतं पाच जणांनाच आणि चार तर आधीच आहेत. म्हणून पहिलं काम, दोन गावकरी घर बांधायला पाठवायचे, २५ लाकडात एक घर, पाच जणांची सोय. तिसरा मेंढरांकडं. मेंढरं टाउन सेंटरला चिकटून आणायची आणि एकेक करून मारायची, सगळी एकदम मारली तर अन्न नासत जातं. मग पुढचे गावकरी लाकडाला, त्यानंतर रानडुक्कर. डुकराला एका गावकऱ्यानं बाण मारून टाउन सेंटरपर्यंत पळत आणायचं असतं, ३४० अन्न असतं त्यात, आणि ह्यात पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचा एखादा गावकरी मरतोच. माझ्याकडं येणारा एक बँकेतला माणूस, वय चाळीसच्या पुढं, डुक्कर मागं लागलं की खुर्चीतनं अर्धा उठायचा, त्याला म्हटलं साहेब तुम्ही पळू नका, त्याला पळवा.

ह्यात गंमत कुठं आहे सांगतो. समज तू लाकडाकडं बघत बसलास आणि टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं राहिलं, गावकरी काढायचे विसरलास. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद, म्हणजे पावणेपाच गावकरी कमी. ते पाच जण पुढची अर्धी मॅच जे अन्न-लाकूड गोळा करणार होते ते सगळं गेलं. हे मॅच संपल्यावर ग्राफमध्ये उघड दिसतं, समोरच्याची रेघ वर चाललीय आणि तुझी आडवी झालीय, आणि कुठल्या मिनिटाला आडवी झाली ते पण. रेकॉर्ड झालेली मॅच परत लावून त्या मिनिटावर जा, तू तिथं काय करत होतास ते बघ. बहुतेक वेळा उत्तर असतं की घर बांधायचं राहिलं, किंवा तीन बारक्या शिपायांची कुणाशीतरी मारामारी बघत बसलो. बघितल्याबरोबर पटतं आणि पुढच्या मॅचला हात आपोआप सुधारतो.

दुसरी जागा म्हणजे साठवलेलं सामान. नवीन माणसाच्या स्क्रीनवर वर डावीकडं बघायचं, लाकूड १२००, अन्न ९००, आणि सैन्य किती तर चार भालेवाले. विचारलं एवढं कशाला ठेवलंय तर म्हणतो लागंल की पुढं. अरे पुढं काय लागतंय, ती बचत खात्यातली रक्कम नाही, व्याज नाही मिळत त्यावर. सामान पडून राहिलं की समजायचं एकतर बराकी कमी आहेत नाहीतर गावकरी चुकीच्या कामाला लावलेत. हा एक नंबर कायम डोळ्यासमोर असतो, म्हणून चूक लपत नाही.

आणि कोण कुणाला मारतं हे डोक्याला ताण न देता कळतं. भालेवाला घोड्याला भारी, धनुर्धारी पायदळाला भारी, स्कर्मिशर म्हणजे तो भालाफेक्या, तो धनुर्धाऱ्याला भारी. समोरच्यानं नाइट (चिलखती घोडेस्वार) आणले आणि तू धनुष्यवाले घेऊन गेलास आणि मेलास, तर ३५ अन्न आणि २५ लाकडाचा भालेवाला काढायला पाहिजे होता हे लहान पोराला पण उमजतं, कारण खऱ्या जगात पण तसंच आहे. स्टारक्राफ्टमध्ये इमॉर्टल नावाचं युनिट कशाला भारी आणि लर्कर कशाला, हे पाठच करायला लागतं.

हा गेम मूळ १९९९ चा, डेफिनिटिव्ह एडिशन आली २०१९ ला. जुन्यात नसलेल्या सोयी हिच्यात आहेत, शेतं संपली की आपोआप परत पेरली जातात, स्काउट आपोआप नकाशा फिरतो. काही जुनी खोडं म्हणतात हे चीटिंग आहे, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको, सुरुवातीला सगळ्या सोयी चालू ठेव. तुझ्या लॅपटॉपवर चालेल, साध्या इंटेल ग्राफिक्सवर आणि ४ जीबी रॅमवर पण हा उघडतो. फक्त हाय रिझोल्यूशन ग्राफिक्सचा एक वेगळा फुकट पॅक दिसेल तो टाकू नको, डिस्क पण खातो आणि मशीन पण दमवतो.

शिकायला आत विल्यम वॉलेसची सात मिशनची मोहीम, म्हणजे एकट्यानं क्रमानं खेळायची गोष्ट, आहे, पहिल्या मिशनमध्ये नुसतं चालायचं आणि लढायचं शिकवतात, दुसऱ्यात अन्न गोळा करणं, असं हळूहळू. कॅफेत हे कुणी खेळायचंच नाही, सगळ्यांना थेट मॅच पाहिजे असायची, आणि तेच लोक सहा महिन्यांनी पण शेती लावायला विसरायचे. ते झालं की जोन ऑफ आर्कची मोहीम, सहा भागांची, गोष्ट पण छान आहे. त्याशिवाय आर्ट ऑफ वॉर म्हणून छोटे छोटे धडे आहेत, त्यातला सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा धडा तेवढा सिल्व्हर मेडल मिळेपर्यंत कर. गोल्डच्या मागं लागू नको, तो कंटाळा आणतो.

संस्कृती निवडताना फ्रँक्स घे. घोड्यांना जास्त जीव, किल्ला स्वस्त, शेतीची सुधारणा फुकट, सगळं सरळ. ब्रिटन्स पण चालतील, लांब पल्ल्याचे धनुर्धारी आणि मेंढपाळ पटापट काम करतात. चिनी सुरुवातीला टाळ, गावकरी जास्त मिळतात पण अन्न शून्यावरनं चालू होतं, नवीन माणूस पहिल्याच मिनिटात गोंधळतो. आपल्याकडच्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, मराठे आहेत का? नाहीत, गेमचा काळच साधारण सोळाव्या शतकापर्यंत येऊन थांबतो. पण २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया नावाचा भाग आला त्यात द्रविडियन, बंगाली, गुर्जर, हिंदुस्थानी असे वेगवेगळे केलेत आणि राजेंद्र चोळ, देवपाल, बाबर ह्यांच्या मोहिमा आहेत. तो वेगळा विकत घ्यायला लागतो, लगेच घेऊ नको, आधी मूळ गेम आवडतोय का बघ. आणि हो, पुजारी मंत्र म्हणून शत्रूचा माणूस आपल्यात ओढतो ते अजून आहे. कॅफेत कुणाचा हत्ती असा पळवला की अख्खी रांग ओरडायची.

एज फोर का नाही असं विचारशील. घे की, पैसे असले तर. २०२१ चा आहे, शिकवायची पद्धत टू पेक्षा चांगली आहे, चित्र स्वच्छ आहे, नॉर्मन लोकांच्या मोहिमेत मधेमधे खऱ्या जागांचे माहितीपट लावलेत ते बघायला मी स्वतः परत खेळलो. इंग्लिश घेतले तर गावकऱ्यांच्या हातात पण धनुष्य असतं त्यामुळं लवकर आलेला हल्ला अंगावर येत नाही. अडचण दोन, जागा ५० जीबीच्या आसपास लागते आणि तुझ्या मशीनवर अगदी खालच्या सेटिंगला चालेल, मोठी लढाई झाली की अडखळेल. दुसरं म्हणजे ह्यात प्रत्येक संस्कृती चांगलीच वेगळी चालते, म्हणजे इंग्लिश शिकलास म्हणून दिल्ली सल्तनत येत नाही, दिल्लीचं संशोधन फुकट होतं पण त्याला वेळ फार लागतो, तो कमी करायला विद्वान मशिदीत बसवायला लागतात, डोकं वेगळंच चालवायला लागतं. टू मध्ये एकदा पाया पक्का झाला की चाळीसच्या वर संस्कृतींमध्ये तो तसाच वापरता येतो. मला नवीन माणसासाठी हे जास्त कामाचं वाटतं, ह्यावर वाद घालणारे भरपूर आहेत, घालूदेत.

स्टारक्राफ्टला पण एकदम निकालात काढू नको. २०१७ पासनं तो फुकट आहे, आणि विंग्ज ऑफ लिबर्टीची अख्खी मोहीम त्यात फुकट येते, पंचवीसच्या वर मिशन. ही मोहीम म्हणजे शिकवण्याचा नमुना आहे, प्रत्येक मिशनला एक नवीन युनिट हातात देतात आणि मिशन असं रचतात की तेच वापरायला लागावं. एका मिशनमध्ये ठराविक वेळानं लाव्हा वर येतो आणि खालच्या जमिनीवर जे असेल ते जळून जातं, खनिज सगळं खाली, म्हणजे कामगार खाली पाठवायचे आणि वेळेत वर ओढायचे, मागनं शत्रूची किरकोळ धाड चालूच. हे एक मिशन खेळलं की एका हातानं फौज आणि दुसऱ्या हातानं कामगार ही सवय बसते, कुणी भाषण द्यायला लागत नाही. अवघडपणाचे चार स्तर आहेत, कॅज्युअलवर लाव, लाज वाटून घेऊ नको. शिवाय को-ऑप आहे, तू आणि मित्र मिळून कॉम्प्युटरविरुद्ध, त्यात रेनर, केरिगन, आर्टानिस हे तीन कमांडर पूर्ण फुकट मिळतात. तुझ्या मित्रानं तुला वन-व्हर्सेस-वनला ढकलायच्या ऐवजी को-ऑपला बसवलं असतं तर तू आज मला प्रश्न विचारला नसतास. खिशात अगदीच पैसे नसतील तर आज रात्रीपासनं हेच सुरू कर.

शूटिंग खेळणारा आहेस म्हणून एक वेगळं नाव, कंपनी ऑफ हीरोज, पहिला, २००६ चा. दुसऱ्या महायुद्धातला आहे. शेती नाही, लाकूड नाही, नकाशावरच्या जागा ताब्यात घ्यायच्या आणि त्यातनं दारूगोळा-इंधन मिळत राहतं. पथक भिंतीआड बसवलं तर टिकतं, उघड्यावर सोडलं तर मशीनगनसमोर जमिनीला चिकटतं. आणि एक रिट्रीटचं बटण आहे, दाबलं की पथक सगळं टाकून बेसकडं पळतं, म्हणजे चुकलास तरी माणसं वाचवता येतात. शूटरमधनं येणाऱ्यांना हा लवकर कळतो कारण आडोसा, बाजूनं वार, ग्रेनेड हे सगळं ओळखीचं. जुना असल्यानं तुझ्या लॅपटॉपला जड नाही. पण अर्थव्यवस्था चालवायची खरी सवय ह्यातनं लागत नाही, ते लक्षात ठेव.

गड-किल्ल्यांचा नाद असेल, म्हणजे सज्जनगड-अजिंक्यताऱ्याला जाऊन आल्यावर तट-बुरूज बघत बसणाऱ्यातला असशील, तर स्ट्राँगहोल्ड क्रूसेडर. २००२ चा गेम, चालायला डबडं मशीन पण पुरतं. दिवाळीत मातीचा किल्ला करताना बुरूज इथं का तिथं ह्यावर भावंडांत जी भांडणं होतात, तीच मजा ह्यात आहे, फक्त नंतर कुणीतरी खरंच चालून येतं. नवशिक्याला ह्यात एक मोठी सूट आहे, गावकऱ्यांना हातानं कामाला लावायला लागत नाही. लाकूडतोड्याची झोपडी बांधली की चुलीभोवती बसलेला एकजण उठून जातो. लोकांची मर्जी पन्नासच्या वर ठेवली की नवीन माणसं येतात, खाली गेली की गाव सोडून जायला लागतात, म्हणून कर किती लावायचा आणि भाकरी किती द्यायची ह्याचा हिशोब. समोर द रॅट नावाचा एक घाबरट सरदार घे, त्याला किल्लाच धड बांधता येत नाही, सरावाला उत्तम. द वुल्फच्या वाटेला आत्ताच जाऊ नको.

ज्याला घाईच सोसत नाही त्याला नॉर्थगार्ड. २०१८ ला पूर्ण रूपात आला, फ्रेंच कंपनीचा आहे. नकाशा तुकड्यांत वाटलेला, एका तुकड्यात ठराविकच घरं बसतात, म्हणजे कुठं काय बांधू हा गोंधळच नाही. हिवाळा आला की अन्न आणि सरपण दोन्ही झपाट्यानं उतरतं आणि खरा शत्रू तो हिवाळाच असतो. लढाई न करता व्यापारावर किंवा ज्ञानावर पण जिंकता येतं. माझ्या बायकोला ह्या सगळ्यात हाच एक आवडला, बाकीच्यांना ती "नुसती मारामारी" म्हणते.

जनरल्सचं नाव खाली कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो. २००३ चा, सांगली-मिरजेच्या कॅफेत जेवढा हा चालला तेवढा दुसरा कुठला चालला नसेल. एकच साधन म्हणजे पैसा, अमेरिका, चीन आणि जीएलए नावाचा अतिरेकी गट अशा तीनच बाजू, रणगाडे भारी दिसतात, नवीन माणसाला पटकन मजा येते. आठवणीसाठी घ्यायचा तर घ्या. पण आज नवीन विंडोजवर तो कधी चालतो कधी रुसतो, आणि आत शिकवायची सोय जवळजवळ नाही, आम्हाला तेव्हा शेजारच्या पीसीवरचा पोरगा शिकवायचा, आता तो शेजारी कुठनं आणणार.

फुकटात पूर्ण गेम पाहिजे तर झिरो एडी. ओपन सोर्स आहे, लिनक्सवर पण चालतो, आणि त्यात मौर्य आहेत, लढाऊ हत्ती तर आहेतच पण सामान गोळा करून ठेवायला एक कामाचा हत्ती आहे, तो लाकूडतोड्यांच्या मागं मागं न्यायचा. शिपाईच शेतात पण राबतात ही त्यातली आवडलेली गोष्ट. मात्र मोहीम अशी काही नाही, एक ट्युटोरियल आणि मग थेट कॉम्प्युटरशी सामना, म्हणून पहिला गेम म्हणून मी देत नाही, दुसरा म्हणून जरूर.

मोबाइलचं उत्तर छोटं आहे. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा ह्या अर्थानं आरटीएस नाही, त्यात सैन्य सोडलं की बघत बसायचं. एज ऑफ एम्पायर्स मोबाइल नावाचा गेम आहे तो नाव तेच असून वेगळाच प्रकार आहे, टायमर आणि पैसे भरा वाला, नावाला फसून टाकू नको. खरं काही पाहिजे तर नॉर्थगार्ड मोबाइलवर आहे, आणि रस्टेड वॉरफेअर म्हणून एक दिसायला अगदीच ओबडधोबड पण अस्सल आरटीएस आहे, एसटीत विटा-सांगली करताना बरा. तरी हा प्रकार बोटानं खेळायचा नाही, माऊस-कीबोर्डचाच आहे.

त्यावरनं आठवलं, टचपॅडवर खेळू नको. दोनतीनशेचा वायरवाला माऊस घे, चालतो. टचपॅडवर चौकोन ओढून वीस माणसं निवडायची म्हणजे छळ आहे, आणि निम्मे लोक "मला जमत नाही" म्हणतात ते खरं तर टचपॅडला जमत नसतं. चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर लॅपटॉप वेग कमी करतो, आणि एप्रिल-मे मध्ये गादीवर ठेवून खेळशील तर मशीन तापून चित्र अडखळेल, टेबलावर ठेव.

शॉर्टकट एकदम पाठ करायला जाऊ नको. तीन पुरेत: टाउन सेंटरवर उडी मारायचा, गावकरी काढायचा, आणि रिकामा गावकरी शोधायचा. हे तीन डावा हात न बघता करायला लागला की मग कंट्रोल आणि १ दाबून फौजेचा गट करायला शिक. यूट्यूबवर हेरा, द व्हायपर वगैरे अव्वल खेळाडूंच्या मॅच बघायला मस्त आहेत पण त्यांची बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी बांधायचं तो क्रम, कागदावर लिहून तशीच्या तशी करायला जाऊ नको, ते एकेक सेकंद मोजतात, आपण अजून डुकराच्या मागं पळतोय.

कॉम्प्युटरशी खेळताना स्टँडर्ड पासनं सुरू कर, मग मॉडरेट, मग हार्ड. एका पातळीला सलग जिंकायला लागलास की वर जा, आणि दर मॅचला एकच गोष्ट ठरव, आज टाउन सेंटर रिकामं ठेवायचं नाही, उद्या लाकूड पाचशेच्या वर साठू द्यायचं नाही, असं. हार्डला हरवलंस की ऑनलाइन रँक्ड, म्हणजे क्रमवारीची मॅच, लाव. तिथं सुरुवातीला १००० च्या आसपास एलो (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) धरतात, आणि १००० वाले लोक चांगले खेळतात बरं का, तेव्हा पहिल्या मॅच हरशीलच. आकडा आठशे, सातशे असा खाली येईल आणि मग तुझ्या जोडीचे लोक भेटायला लागतील, तिथनं पुढं खरी मजा आहे. मधेच पळून गेलास तर चुकीच्या पातळीवर अडकून राहशील. आणि रूमवर अजून एखादा तयार होत असेल तर सगळ्यात उत्तम, दोघं मिळून दोन कॉम्प्युटरविरुद्ध बसा, एकानं घोडे काढायचे, एकानं धनुर्धारी, फक्त मॅचच्या आधी ठरवून घ्या कोण काय काढणार ते, नाहीतर दोघंही घोडे काढता आणि समोरनं भालेवाले येतात.